लुकलुकणारा एलईडी आणि रेझिस्टरचा रामबाण

गाडीला नंतर बाजारातून आणून बसवलेल्या एलईडी दिव्यांबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे : "दिवा लुकलुकला तर रेझिस्टर लावा, मंद पडला तर जास्त वॅटचा बल्ब घ्या, तरी जमलं नाही तर बॅटरी बदला." तीन उपाय, आणि एकाआधीही मल्टिमीटर (व्होल्ट-करंट मोजायचं मीटर) हातात घ्यायला सांगितलेलं नाही.

रेझिस्टरचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. इंडिकेटरचा जुना बल्ब 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअर. एलईडी त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा घेतो. फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, वाटतं बल्ब उडाला, आणि तो दुप्पट वेगाने टिकटिकू लागतो. इथे 6 ओहम, 50 वॅटचा रेझिस्टर दिव्याला समांतर जोडला की काम होतं. पण पेटलेल्या वेळी तो 30 वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तो पत्र्यावर स्क्रूनेच बसवायचा. वायरिंगला टेपने गुंडाळला तर इन्सुलेशन वितळतं. साधा रिलेचा फ्लॅशर असलेल्या गाडीत एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं याहून सरळ.

हेडलाइटचं लुकलुकणं निराळं. अनेक गाड्यांत कंट्रोल युनिट दिव्याला सलग वीज देत नाही, सेकंदाला शंभरेक वेळा तोडून देतं. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, तिला मधले खंड कळतही नाहीत, एलईडीला कळतात. रेझिस्टर वीज साठवत नाही, मग खंड भरून काढणार कसा? ते काम कपॅसिटरचं, म्हणजे कपॅसिटर असलेल्या कॅनबस डिकोडरचं (गाडीची वायर आणि बल्ब यांच्यामध्ये जोडायची छोटी डबी). तो विकत घेण्याआधी बल्ब काढून 5 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरने थेट बॅटरीला जोडून बघा. तिथेही फडफडला तर ड्रायव्हर, म्हणजे बल्बचा करंट सांभाळणारं सर्किटच, गेलाय, डिकोडरचे पैसे वाया जातील. तिथे स्थिर जळला तर दोष गाडीकडून येणाऱ्या पुरवठ्यात.

जास्त वॅटचा बल्ब हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार. दिवा लावल्यावर लख्ख आणि दहा-पंधरा मिनिटांनी मंद होत असेल, तर तो तापतो आहे आणि ड्रायव्हर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो आहे. मागचा पंखा फिरतो का बघा. रबरी कव्हर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) घट्ट बसून हवा अडवतं, हेही नेहमीचंच. वॅट वाढवले तर हे आणखी लवकर होईल.

पहिल्या क्षणापासून मंद असेल तर आधी अर्थिंग. दिवा चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन कपलरच्या (बल्बच्या वायरच्या जोडणीच्या) मागून अर्थच्या वायरला. 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला की अर्थचा बोल्ट खोला; रिंगखाली बहुतेक वेळा रंग किंवा गंज सापडतो. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा आणि बोल्ट पुन्हा आवळा. एक गोम : एलईडी कमी करंट ओढतो, त्यामुळे दोष झाकला जातो. ही चाचणी जुना हॅलोजन लावून करावी.

बॅटरीचं म्हणाल, तर इंजिन चालू असताना दिवे अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या वीज जनित्रावर, चालतात. बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. दिवे लावून 13 च्या खाली येत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. मीटर एसीवर टाकून अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अल्टरनेटरचा डायोड संशयित. केबिनमधले स्वस्त एलईडी मात्र व्होल्टेजला फार हळवे असतात. तीन एलईडींची माळ 9.3 व्होल्ट खाते, उरलेलं आतल्या रेझिस्टरवर पडतं : 12 व्होल्टला 2.7, 14.4 ला 5.1. म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट. इंजिन बंद केल्यावर ते मिणमिणणारच. तिथे बॅटरीचा दोष नाही.

सल्ल्यात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. दिव्याकडे बघितलं तर डोळे दिपतात, पण रस्त्यावर उजेड पडत नाही, अशी तक्रार असेल तर बल्ब मंद नाही, फोकस हुकला आहे. बल्ब धरून ठेवणारी कॉलर सैल करून उजेड देणाऱ्या चिप घड्याळातल्या 3 आणि 9 च्या दिशेला आणा, गाडी भिंतीसमोर उभी करा आणि लो बीमची वरची कडा जुन्या हॅलोजनच्या कडेशी ताडून बघा. कडा धूसरच राहिली तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाही.