आंबट बिअर म्हणजे नासकी बिअर? जरा थांबा ओ

परत तो मेसेज आला, यावेळी शाळेच्या ग्रुपवर. "बेल्जियमची आंबट बिअर म्हणजे नासलेला माल महाग विकायची युक्ती. जुन्या लाकडी पिंपात दोन वर्षं सडवतात म्हणून व्हिस्कीसारखी चढते, वास लपवायला लाल रंग अन् चेरीचं इसेन्स टाकतात. प्यायचीच तर एकदम चिल्ड मारा." खाली अंगठ्यांची रांग. मला ही बिअर आवडते त्यामुळे गप्प बसवेना, एकेक घेतो.

नासलेली: दूध नासतं तसं विरजतंही, आंबट दोन्हीकडे होतं, म्हणून दही फेकतो का आपण? बेल्जियममधल्या रूसेलारे गावची रोडनबाख ब्रुअरी घ्या, १८२१ पासून चालू आहे. तिथे यीस्टबरोबर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू हवेच असतात, दह्यातल्यांचे भाऊबंदच ते. पहिलं आंबवणं उरकलं की ठरावीक बिअर ओकच्या उभ्या अवाढव्य पिंपांत जाते, त्यांना फूडर म्हणतात, तिथे असे २९४ आहेत आणि काही दीडशे वर्षांहून जुने. आता व्हिनेगरची झाक असते हे खरंय, नाकारत नाही. लाकडातून हवा झिरपते आणि थोडं ॲसिटिक आम्ल बनतं. पण सगळी गंमत त्या 'थोडं'मध्येच आहे ना! पिंप जितकं मोठं तितकं बिअरच्या मानाने लाकूड कमी, म्हणजे हवाही कमी, म्हणून हजारो लिटरचे फूडर, छोट्या पिंपात दोन वर्षं ठेवली तर सॅलडवर शिंपडायच्या लायकीची होईल. खरी नासलेली बिअर मी प्यायलोय, पुण्यात एका पबमध्ये, नळाची पाइप कधी धुतली होती देव जाणे, आंबट तर होतीच वर पॉपकॉर्नच्या बटरसारखा वास. दोन घोटांत ग्लास परत.

व्हिस्कीसारखी चढते: व्हिस्की डिस्टिल करतात राव, नुसती मुरत ठेवून बिअरची व्हिस्की होत नाही. रोडनबाखची व्हिंटेज, म्हणजे एकाच फूडरमधली, दोन वर्षं मुरलेली, कोवळी बिअर अजिबात न मिसळलेली, ती ७ टक्के. ग्रँड क्रू ६, त्यात दोन भाग जुनी एक भाग कोवळी. साधी ५.२. आणि आपल्याकडच्या स्ट्राँगच्या लेबलवर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं, तिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड केल्याचं आठवत नाही. महाग असते ती या दोन वर्षांमुळेच, माल तेवढा काळ जागा अडवून बसतो.

रंग-इसेन्स: रंग माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा. चेरीसारखा वास आंबवताना आणि मुरताना आपोआप तयार होतो. खरी चेरी घातलेली अलेक्झांडर वेगळी मिळते, आणि ते लपवत नाहीत.

चिल्ड मारा: हाच सल्ला सगळ्यात वाईट. मी व्हिंटेज पहिल्यांदा फ्रीजमधून काढून लगेच ओतली, नुसता आंबटपणा, कानाखाली झिणझिण्या, तोंडाला पाणी, आणि वास जवळपास शून्य. मनात आलं की मेसेजवाला बरोबर होता की काय. ग्लास तसाच ठेवून कांदा चिरत बसलो, वीसेक मिनिटांनी उचलला तर आधी हिरवं सफरचंद, मग काळसर चेरी, मागे जरासं कॅरॅमल, आणि गिळल्यावर हिरड्यांना जांभळासारखा तुरटपणा, तो लाकडाचा. व्हिनेगर होतं, पण लिंबाच्या लोणच्यात आंबट असतं तेवढंच, म्हणजे नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. दहा-बारा डिग्रीला प्या, छोट्या ग्लासात, आणि सोबत जुनं खारट चीज असेल तर उत्तम. बायकोला एक घोट दिला, ती म्हणाली "कोकम सरबतात कुणीतरी दारू ओतलीय" आणि उरलेला ग्लास घेऊन गॅलरीत गेली.