‘मुलं पळवणारी टोळी आलीय’: या मेसेजातलं काय काय खोटं आहे

मेसेज थोड्याफार फरकाने असा असतो: ‘साधू-भिकाऱ्यांच्या वेशात मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरलीय. किडन्या काढून विकतात. पोलीस काही करत नाहीत. दिसले की सोडू नका.’ १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, अशाच अफवेवरून पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ती मंगळवेढ्याकडची, भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली होती. एका लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढं निमित्त पुरलं.

सोबत ‘पुरावा’ म्हणून व्हिडिओ येतो. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतलं मूल उचलून पळतात. ती कराचीतली जनजागृतीची जाहिरात आहे. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि पालकांनी सावध राहावं म्हणून फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी नेमका तो शेवट कापला. ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांची दृश्यं सीरियातल्या घौटाची, ऑगस्ट २०१३ च्या विषारी वायूहल्ल्यातली. व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये (चित्र आधी कुठे आलंय ते शोधणाऱ्या साधनात) टाका. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही बघा.

किडनीचं म्हणाल तर ती काढून पिशवीत घालून विकता येत नाही. आधी रक्तगट जुळावा लागतो, मग क्रॉसमॅच, म्हणजे घेणाऱ्याचं शरीर देणाऱ्याचा अवयव नाकारेल का याची रक्तचाचणी. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित सर्जन लागतात. काढलेली किडनी थंड द्रावणात साधारण २४ ते ३६ तास टिकते, हृदय जेमतेम ४ ते ६. किडनीचे जे खरे रॅकेट पकडले गेले, त्यांत गरजू प्रौढांना पैशाचं आमिष आणि खोटी नाती दाखवणारी कागदपत्रं सापडली. बाजारातून उचललेली मुलं नव्हेत.

‘मग अपहरणाचे आकडे एवढे कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार मूल हरवल्याची तक्रार आली की पोलीस अपहरण गृहीत धरूनच गुन्हा नोंदवतात. रागाने घर सोडलेला मुलगा आणि प्रियकरासोबत गेलेली सतरा वर्षांची मुलगी त्याच रकान्यात येतात.

वेशाबद्दलही बोललं पाहिजे. डवरी गोसाव्यांची भगवी वस्त्रं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. गावाबाहेर पाल ठोकून अनोळखी दारी जाणं, हेच त्यांचं पोट. ‘अनोळखी’ हा गुन्हा ठरवला तर या लोकांनी जगायचंच नाही.

पोलीस काही करत नाहीत, म्हणून हात उचलायचा? संशय आला तर ११२ ला फोन करा, आणि तो गर्दी जमण्याआधी. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० ला पोलीस हजर असूनही दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून वाचले नाहीत. जमाव वाढला की मागून येणारा प्रत्येक जण गुन्हा सिद्ध झालाय असं धरून चालतो. घाबरलेल्या माणसाची बोबडी वळते, भाषा वेगळी असते. त्याचं अडखळणं मग कबुलीसारखं वाटतं. फोन केल्यावर पोलीस येईपर्यंत त्या माणसांना सावलीत बसवा, पाणी द्या, बांधू नका, व्हिडिओ काढून पुढे पाठवू नका.

सांगलीच्या जत तालुक्यात, लवंग्याला, सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना वाट विचारल्यावरून पट्ट्या-काठ्यांनी बदडलं. पोलिसांनी त्यांच्या नातेवाइकांशी बोलून खातरजमा केली; ते खरोखरचे साधू होते, पंढरपूरला निघालेले.