प्लायची कड बघा, शिक्का नंतर

२०१९ च्या महापुरापासून सांगलीत फर्निचर करायला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो: वॉटरप्रूफ. दुकानात पाय ठेवला की तोच पहिला प्रश्न. दुकानदार शीटवरच्या ७१० च्या शिक्क्यावर बोट ठेवतो आणि व्यवहार तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की शिक्का खोटा नसला तरी तेवढ्यावर प्लाय घेऊ नये. ग्रेड म्हणजे मुख्यतः थरांमधला डिंक पाण्याला किती टिकतो त्याची परीक्षा. तुमच्या समोर उभी असलेली शीट आतून कशी भरलीय, ते फक्त तिची कड सांगते.

आधी ग्रेडचं उरकून घेऊ. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ मध्ये एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा), आणि आयएस ७१० म्हणजे मरीन. एमआरमध्ये साधारणपणे युरियाचा डिंक असतो. त्याची चाचणी ६० अंशांच्या गरम पाण्यात होते, उकळत्या पाण्यात तो सुटतो. ७१० मध्ये फिनॉलचा डिंक असतो आणि त्याचा नमुना ७२ तास उकळून बघतात. म्हणून एमआर वाईट असं अजिबात नाही. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर कोरड्या भिंतीला वॉर्डरोब करायचा आणि त्याला ७१० लावायचा, म्हणजे घरात छत्री उघडून बसण्यासारखं आहे. तेच पैसे सिंकखालच्या खणाला आणि बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाला घाला.

शिक्का तपासायचा तर आयएसआय चिन्हाच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही, ते दिसतं. नुसतं '७१० ग्रेड' किंवा 'मरीन क्वालिटी' छापलं असेल आणि खाली क्रमांक नसेल, तर ती फक्त शाई आहे.

आता कड. गठ्ठ्यातल्या बऱ्याच शीटच्या कडा लाल किंवा चॉकलेटी रंगाने रंगवलेल्या असतात. रंग दिसायला बरा म्हणून लावतात हे खरं, पण त्याखाली पुट्टी भरलेल्या फटीही झाकल्या जातात. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या कडेवर विश्वास ठेवू नका. त्याच लॉटमधल्या शीटचा ताजा कापलेला तुकडा मागा. दुकानात कटिंग मशीन असेल तर तुकडे पडलेलेच असतात. वीतभर तुकडा उजेडात धरा आणि थर मोजा. १९ मिमीला ११ किंवा १३ थर सारख्या जाडीचे आणि सरळ रेषेत जाणारे दिसले तर माल बरा. एखादा थर मध्येच संपून पुढे पोकळी दिसते, तो गॅप. एक पापुद्रा दुसऱ्यावर चढून रेषा उंटाच्या पाठीसारखी वर आलेली दिसते, तो ओव्हरलॅप.

हे दोन दोष वेगवेगळा त्रास देतात. ओव्हरलॅपचा उंचवटा १ मिमीच्या सनमायकातूनही वर दिसतो. दुपारी खिडकीतून तिरपा उजेड आला की चकचकीत शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, लाट उमटते, आणि शिव्या बसतात मायका चिकटवणाऱ्याला. गॅपचं दुखणं उशिरा कळतं. शटरच्या बिजागरीसाठी ३५ मिमी व्यासाचं आणि जवळपास १२ मिमी खोल भोक पाडतात, म्हणजे १८ मिमीच्या शटरमध्ये तिथे खाली जेमतेम ६ मिमी लाकूड उरतं. शेजारचा स्क्रू नेमका पोकळीत गेला की तो आवळला जात नाही, नुसता गरगर फिरतो. मग काडेपेटीची काडी आणि फेव्हिकॉल कोंबून वेळ मारून नेतात. वर्षभरात दार झुकतं.

पूर्ण शीट कापता येत नाही, म्हणून वाजवून बघायची. बोटाच्या पेराने दर वीतभर अंतरावर टकटक करत जा. भरीव जागी ठणठणीत आवाज येतो, पोकळ जागी तो बसका होतो. चार फूट रुंदीत असा बसका आवाज तीन-चार ठिकाणी आला तर ती शीट बाजूला काढा. वरचा लालसर रंग बघून 'गर्जन फेस', म्हणजे वरचा पापुद्रा गर्जन लाकडाचा, म्हणून भुलू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा पुसा. फडकं लाल झालं तर तो नुसता रंग. डिंकाच्या गडद रेषेचंही तसंच. फिनॉलची रेषा गडद असते खरी, पण युरियाच्या डिंकात रंग कालवला की तीही गडद दिसते.

जाडीवरून रोज वाद होतात. ६ मिमीपासून पुढच्या प्लायला आयएसमध्ये जाडीची सूट अधिक-उणे ५ टक्के आहे, म्हणजे १९ मिमीची शीट १८.०५ च्या खाली जाता कामा नये. एक शीट टेपने नीट मोजली जात नाही, म्हणून दहा शीटचा गठ्ठा मोजा. १८० मिमीच्या आत भरला तर १९ चे पैसे द्यायचं कारण नाही. व्हर्निअर असेल तर चारही कोपरे आणि लांबीचा मध्य तपासा. एकाच शीटमध्ये अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर जोडावर पायरी पडणार. कॅलिब्रेटेड, म्हणजे सगळीकडे एकसारख्या जाडीला आणलेल्या, प्लायला थोडे जास्त पैसे जातात ते याचसाठी, आणि मॉड्युलर किचनला ते द्यावेतच.

वजनावरून गाभा ओळखता येतो. ८ बाय ४ ची १९ मिमीची शीट पॉप्लरच्या गाभ्याची असेल तर ३० किलोच्या आसपास भरते, निलगिरीसारख्या जड लाकडाची ४० किंवा त्याहून जास्त. पुस्तकांच्या लांब फळीला जड प्लाय हवा, माळ्याच्या हलक्या दाराला पॉप्लरही चालतो. हलक्या मालाला जड मालाचा भाव लावला, तर तक्रार तिथे.

सरळपणा बघायला शीट कडेवर उभी करून एका टोकाकडून एक डोळा मिटून बघा. नुसता बाक असेल तर तो कपाटाच्या खोक्यात बांधताना निघतो. पीळ, म्हणजे समोरासमोरचे कोपरे एका पातळीत नसणं, शटरमध्ये कधीच निघत नाही. शीट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायचं तर कर्ण मोजा: २४४० बाय १२२० ला दोन्ही कर्ण २७२८ मिमी आले पाहिजेत. आणि शटरला एकाच बाजूने मायका लावून दुसरी बाजू कोरी सोडली तर उत्तम प्लायही वाकतो. आतून पातळ का होईना, लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा मायका, हवाच.

शंका असेल तर तुकडा उकळा. दोन इंची तुकडा जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळायचा, खिडकी उघडी ठेवून, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. युरियाचा माल बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच पानं उलटावीत तसा सुटतो. टिकला तर थंड झाल्यावर पटाशीने थर उचकटा. उचकटलेल्या जागी लाकडाचे तंतू तुटून चिकटलेले दिसले, म्हणजे डिंक लाकडापेक्षा घट्ट आहे. गुळगुळीत चकाकणारी जागा दिसली तर डिंक धरलेलाच नाही. ही चाचणी ७२ तासांची नाही, तेव्हा पास झालेला तुकडा ७१० ठरत नाही. नापास झालेला मात्र ७१० नक्कीच नव्हे.

गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी इथे तळमजल्यावर किचन असेल तर माझं मत थोडं उलटं आहे. पुराचं पाणी तासा-दोन तासांत उतरत नाही. डिंक तग धरतो, पण गॅपमध्ये गाळ बसतो, उघड्या कडांतून लाकूड पाणी पितं, बुरशी धरते, ड्रॉवरचे चॅनल गंजतात. अशा घरी ओट्याखाली जुन्या पद्धतीचे कडप्प्याचेच कप्पे करा. प्लायचा हट्ट असेल तर खोकी चार इंची पीव्हीसी पायांवर उचला आणि पाठीमागच्या, खालच्या, न दिसणाऱ्या कडाही सील करा. मिस्त्री नेमक्या त्याच विसरतो.

मिस्त्रीला दुकानाकडून कमिशन मिळतं हे उघड गुपित आहे. त्याच्या मजुरीत तेवढे पैसे वाढवून द्या आणि माल स्वतः निवडा, ते स्वस्त पडतं. पक्क्या बिलावर ब्रँड, जाडी, आयएस नंबर आणि सीएम/एल क्रमांक लिहून घ्या. 'वॉटरप्रूफ प्लाय, १२ नग' एवढंच लिहिलेलं बिल घेऊन सहा महिन्यांनी गेलात, तर दुकानदार विचारेल, कुठला प्लाय?