सर्वसमावेशक महाविद्यालय कसे दिसावे

प्राचार्य साहेब, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची तपासणीची पीअर टीम पंधरवड्यावर आली आणि क्रायटेरिया 7 च्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांच्या फायलीत लिंगभाव समानतेखाली तुमच्याकडे फक्त हळदीकुंकवाचे फोटो आहेत ना? घाबरू नका.

आधी मुख्य इमारतीच्या पायऱ्या रंगवून घ्या. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या प्राईडच्या झेंड्याला रंग सहा. "इंद्रधनुष्यात सात असतात" म्हणून भौतिकशास्त्राचे सर अडून बसलेच, तर सातवा त्यांच्याच हातून मारून घ्या. एनएसएसची पोरं वडापाववर एका रविवारात काम उरकतात.

मग व्याख्यान. वक्ता कोणीही चालेल, फक्त विषय स्वतः जगलेला नको. भाषणात र. धों. कर्व्यांचं नाव जरूर घ्या. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, एवढं तेवढं गाळा. स्टाफरूममध्ये नसत्या कल्पना सुचतात.

प्रवेश अर्जात 'इतर' ही चौकट टाका. ती निवडली की वसतिगृहाचं पान उघडत नाही, हा सॉफ्टवेअरवाल्याचा प्रश्न. विद्यार्थी खिडकीवर आलाच, तर क्लार्कने मान वर न करता, मागच्या चाळीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावं, "इतर म्हणजे नक्की काय लिहू?" 2019 च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याच्या 11व्या कलमाप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तोही ह्याच क्लार्कला करा, अनुभवी माणूस आहे.

रॅगिंगचं तर सोपंच. यूजीसीने 2016 साली लैंगिक कल आणि तृतीयपंथी ओळख यांवरून दिलेला त्रासही रॅगिंगमध्ये धरला. दरवर्षी प्रतिज्ञापत्रं भरून घेताच, त्यांचा गठ्ठा दाखवा. एखादं पोर "सर, मागच्या बाकावरून बायल्या म्हणतात" असं सांगत आलं, तर मायेने म्हणा, "तू जरा नीट चालत जा ना बाळा." मागच्या बाकावरची तीच मंडळी गॅदरिंगला साड्या नेसून टाळ्या पिटत स्टेजवर येतील. पहिल्या रांगेत बसून खळखळून हसा. बक्षीसही तुमच्याच हस्ते आहे.

आयआयटी मुंबईत 2011 पासून समलिंगी, तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा 'साथी' नावाचा गट आहे, म्हणून कोणी अर्ज घेऊन येईल. नियम बघतो म्हणा आणि बघत राहा. ही मुलं एकटी आहेत तोवर तुमचं बरं आहे. एकमेकांना सापडली की चहा पितात, हसतात, मग लेखी तक्रार करतात.

समुपदेशन कक्ष मात्र हवाच. स्टाफरूममध्ये प्लायवूडचं पार्टिशन घाला, पाटी लावा. एस. वाय.चा एक मुलगा तीन दिवस दाराशी घुटमळेल, चौथ्या दिवशी आत येऊन वहीचा कोपरा कुरतडत कसंबसं बोलेल. तो वळताच मॅडमनी वडिलांना फोन लावावा. "तसं काळजीचं काही नाही हो, पण तुमच्या कानावर असावं."

सोमवारी खोलीतली एक कॉट रिकामी दिसेल. रजिस्टरात 'घरगुती कारण' लिहा. वडील टीसी न्यायला येतील तेव्हा शिपायाला सांगून ठेवा, पायऱ्यांवरून जपून उतरव म्हणावं, रंग अजून ओला आहे.