थेटफर्डचं उलटं पुस्तक

लंडनला आलेले आपले लोक राजवाडा बघतात, थेम्सच्या काठी फोटो काढतात, जाणते असतील तर किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरी जाऊन येतात. मी प्रत्येकाला सांगते, अजून एक दिवस काढा आणि थेटफर्डला जा. "तिथं काय आहे?" हा प्रश्न ठरलेला. तिथं जोतीरावांना हलवून सोडणारा माणूस जन्मला.

नॉरफकमधलं हे बाजाराचं गाव. वस्ती २५ हजारांच्या आसपास. केंब्रिजहून नॉरिचला जाणारी गाडी इथं थांबते. गावात दोन नद्या मिळतात, त्यातल्या एकीचं नाव थेट (वाहते मात्र वळणं घेत). किंग स्ट्रीटवर सोन्याचा मुलामा दिलेला एक पुतळा एकदम डोळ्यांत भरतो. टॉमस पेन. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात त्याचंच पुस्तक 'राइट्स ऑफ मॅन' (माणसाचे हक्क), आणि ते पुस्तक चक्क उलटं धरलेलं! कारण विचारलं की दर माणशी वेगळं उत्तर मिळतं.

१८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीरावांनी हेच पुस्तक वाचलं. पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सगळं एका पुस्तकानं घडलं असं मी म्हणणार नाही. मित्राच्या वरातीत झालेला अपमान होता, नगरला पाहिलेली मिस फरार यांची शाळा होती. पण माणसाचे हक्क जन्मानं येतात, कुणाच्या कृपेनं नाही, हे छापील शब्दांत वाचायला मिळालं ते पेनकडून.

आणि पेनला ते कुठून सुचलं? माझं मत असं की त्याची सुरुवात याच गावात झाली. १७३७ चा जन्म, बाप कॉर्सेट शिवणारा, पंथानं क्वेकर, म्हणजे सगळी माणसं सारखी मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. त्या काळी थेटफर्ड पार्लमेंटात दोन खासदार पाठवायचं आणि ते निवडायची गावातली जेमतेम तीसएक माणसं, तीही ड्यूक ऑफ ग्राफ्टनची मर्जी सांभाळून. दरवर्षी इथं फिरतं न्यायालय बसायचं आणि गुन्हेगारांना फासावर चढवलं जायचं. पोरवयात हे बघितलेला माणूस वंशपरंपरेच्या सत्तेवर उखडला, यात नवल ते काय?

देशानं त्याचे पांग कसे फेडले बघा. १७९२ साली तो फ्रान्सला निघून गेला, मागे याच पुस्तकापायी त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून त्याला दोषी ठरवलं, गावोगाव त्याच्या प्रतिमा जाळल्या. १८०९ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. १० वर्षांनी विल्यम कॉबेट नावाच्या चाहत्यानं त्याची हाडं उकरून इंग्लंडला आणली आणि ती पुढे हरवलीच. थेटफर्डला आठवण करून दिली तीसुद्धा परक्यांनी. १९४३ साली जवळच्या तळावरच्या अमेरिकन वैमानिकांनी पाटी लावली, १९६४ चा पुतळाही अमेरिकेतल्या संस्थेनं दिलेला.

तिथून थोडं चाललं की नदीतल्या छोट्या बेटावर घोड्यावर बसलेले महाराजा दुलीपसिंग दिसतात. पंजाब गेला, कोहिनूर गेला, शेवटी जवळच्या एल्व्हडनच्या चर्चमध्ये कबर. त्यांच्या मुलानं, प्रिन्स फ्रेडरिकनं, व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचं पंधराव्या शतकातलं लाकडी चौकटीचं घर विकत घेऊन गावाला दिलं आणि १९२४ साली तिथं संग्रहालय उघडलं. म्हणजे ज्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, त्यांच्या पोरानं इंग्रजांच्या गावाचा वारसा जपला. १९०४ मध्ये याच गावानं बहामात जन्मलेल्या डॉ. ॲलन मिन्स यांना महापौर केलं. ब्रिटनमधले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर मानले जातात.

आणि याच गावात २००४ साली युरो कपात इंग्लंड पोर्तुगालकडून हरल्यावर जमावानं पोर्तुगीज माणसाच्या पबवर हल्ला केला. इथं पोर्तुगीज कामगार बरेच आहेत. 'बाहेरचे' म्हणून कपाळाला आठ्या घालणारे मला बाजारात आजही भेटतात. त्यांच्या गावाच्या पाट्यांवरची नावं वाचली की हसू येतं. स्थानिक इतिहास म्हणतात तो निम्मा हाकललेल्यांनी आणि बाहेरून आलेल्यांनी घडवलेला. आपल्याकडे वेगळं आहे असं समजून खूश होऊ नका, मुंबईचंही हेच आहे.

एकच तक्रार. नदीकाठी एका जुन्या विनोदी मालिकेतल्या कॅप्टनचा पुतळा बाकावर बसवलाय, फोटोसाठी रांग तिथं. पेनपाशी कबुतरं. असो, मालिका माझ्याही आवडीची आहे, मीही फोटो काढला.

मागच्या वेळी संग्रहालयातल्या आजींना विचारलं, जोतीराव फुले हे नाव कधी ऐकलंय का? नव्हतं ऐकलं. पुणं, शाळा, 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी लढलेल्यांना अर्पण केली ते, असं जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद पुढे केला, म्हणाल्या, "लिहून द्या." इंग्रजीत लिहून दिलं. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला, "आता त्यांच्या भाषेत लिहा."