किडकी पानं

तान्ह्या पोळ्याला माहेरी काय गेली, तेवढ्यात शेजारच्या काकाजींनी माझ्या मॉन्स्टेराची सगळी भोकाची पानं तोडून टाकली. सगळी! खालची जुनी, साधी, पिवळी पडत आलेली तेवढी ठेवली, कारण ती "चांगली" होती.

मॉन्स्टेरा म्हणजे दक्षिण मेक्सिको ते पनामा इकडच्या पावसाळी जंगलातला वेल, मोठ्या झाडांना धरून वर चढणारा, आपल्या अळू-सुरणाच्या खानदानातला. लहान असताना पानं साधी, बदामाच्या आकाराची. वेल मोठा झाला, चढायला आधार आणि पुरेसा उजेड मिळाला की पानांना चिरा आणि भोकं येतात, आणि लोक त्या भोकांचेच तर पैसे देतात. मी नागपूरच्या नर्सरीतून आणला तेव्हा एकही भोक नव्हतं. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर, कोरड्या हवेनं कडा करपतात म्हणून कूलरजवळचा पण थेट झोतात न येणारा कोपरा शोधला, बांबूला काथ्या गुंडाळून तो ओला ठेवला म्हणजे हवेतली मुळं त्याला धरतील, वरची माती दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी नाही. सासूबाई म्हणत राहिल्या, इथं माणसायले कूलर पुरत नाही. लाइट गेली की मी आधी झाडाकडे पाहते मग पोरांकडे, हे नवऱ्याचं निरीक्षण, आणि ते खोटं आहे (बहुतेक).

तर काल मी बॅग खाली ठेवायच्या आत काकाजी हजर. चेहरा असा की आता सत्कार करा.

"सूनबाई, टेन्शन नको घेऊ आता. सारे किडके पानं काढून टाकले म्या."

"काकाजी, किडके नव्हते ते. त्या झाडाचं पानच तसं असते."

"झाड कधी सोताहून पानाले भोकं पाडते का वं? चाळीस वर्सं कपाशी केली म्या."

"मग अळी दिसली का तुम्हाला?"

"दिसनच कशी? रातच्याले खाते ते."

मी म्हटलं, काकाजी, पान उलगडायच्या आधी, गुंडाळीत असतानाच त्याला भोकं तयार असतात, बाहेरून कोणी खात नाही. इथं काकाजी खुर्ची ओढून बसले, सासूबाईंना चहा मांडायला सांगितला.

"म्हंजे अळी आतच हाये," ते म्हणाले. "बोंडअळीबी बोंडाच्या आतच राह्यते. बाहेरून बोंड कसं हिरवंगार! तूच तं सांगतली ना आता मले."

यावर काय बोलणार? नवरा म्हणतो, काकाजींच्या बोलण्यात पॉइंट आहे.

आणि खरं सांगू का, पॉइंट आहेच, माझ्या झाडाबद्दल नाही पण आहे. 2017 ला इकडं गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं वाटोळं केलं तेव्हा काकाजींनी स्वतःच्या हातानं बोंडं फोडून पाहिली होती. बीटीला (जनुक बदललेल्या कपाशीला) बोंडअळी लागत नाही असं त्यांना बियाणं विकताना सांगितलं होतं, मग पंचनामे, मग फॉर्म, मग रांगा. तेव्हापासून कोणी शिकलेला माणूस "अळी नाही" म्हणाला की ते फक्त मान हलवतात. पटतं मला. पण त्याची भरपाई माझ्या हॉलमधल्या झाडानं का करायची? माझ्या घरातलं, माझ्या पैशाचं झाड, आणि मला सोडून सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला. सासूबाईंनी तर टोपलं धरलं होतं.

तोडलेली पानं बकरीले टाकली म्हणे. तिनं हुंगून सोडून दिली. कच्च्या अळूसारखी ही पानंही तोंडाला खाजतात हे गल्लीत एकट्या बकरीला कळलं.

नवीन पानाची गुंडाळी आता शेंड्याला दिसते आहे. ते सासूबाईंनी सांगितलं असणार, कारण आज सकाळी काकाजी शेतातला कामगंध सापळा घेऊन आले आणि स्टुलावर चढून पंख्याशेजारच्या हुकाला टांगून गेले, पिवळी पिशवी हॉलच्या मधोमध. आतल्या लूरला, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीला, भुलून बोंडअळीचे नर पतंग त्यात पडणार म्हणे. मी काही बोलणार तेवढ्यात दारातून वळून म्हणाले,

"लूर तेवढी टायमावर बदलत जाय, नाहीतं काई फायदा नाही."