हीटरपेक्षा शेगडीकडं बघा

हीटर पडदा-अंथरुणापासून तीन फूट लांब ठेवा, हे थंडीत घरात आग लागू नये म्हणून घ्यायच्या काळजीवरच्या लेखात सांगितलंय ते बरोबरच. पण आमच्या मंगळवार पेठेत हीटर असे किती घरांत असणार? कोल्हापूरची थंडी ती केवढी, पहाटेचा गारठा. मला भीती वाटते ती बाळंतिणीच्या शेगडीची. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा-शेपांची धुरी, आणि वरून लोंबणारी गोधडी! बहिणीच्या बाळंतपणात गोधडीचा कोपरा असाच धुमसला. आईला वास आला म्हणून निभावलं. त्यात वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च. निखाऱ्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, धूर नाही म्हणून बिनघोर राहू नका. आता आमच्याकडं खिडकी थोडी उघडी ठेवतो आणि शेक झाला की शेगडी थेट अंगणात. आई अजून कुरकुरते, ते सोडा.

हीटरवाल्यांनी सॉकेट तेवढं बघा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो, चार्जर लावायचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. १६ अँपिअरचंच वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. पाणी तापवायच्या रॉडचंही तेच.